दसैंला गावी जाणारे रुग्ण

बनबसाला शारदा नदीवरच्या बंधाऱ्यावरून चालत नेपाळात जाता येतं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. १९५० च्या करारानं दोन्ही देशांच्या माणसांना ही मुभा दिली आणि १,७५१ किलोमीटर लांबीच्या या सीमेवर ती आजही चालू आहे. माझा भाचा सशस्त्र सीमा बलात आहे. त्याची नेमणूक उत्तराखंडाच्या त्या टोकाला असताना बहिणीबरोबर मीही तिकडे जाऊन आले. नवरात्राच्या तोंडावरचे दिवस होते. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, कुठून कुठून आलेली नेपाळी माणसं बसमधून उतरत होती. डोक्यावर चादरींचे गठ्ठे, हातात कुकर, पंखे, मुलांची खेळणी. दसैं म्हणजे त्यांचा दसरा. वर्षभर घर न बघितलेला माणूसही तेव्हा गावी पोचतो आणि वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळावर टीका लावून घेतो.

बहीण नदी बघत होती, मी माणसं बघत होते. नागपुरात क्षयरोगाच्या कामात वर्षं गेली की नजर आपोआप गालफडांकडे जाते, गळ्याखालच्या हाडांकडे जाते. कोण मध्येच थांबून धाप टाकतंय ते दिसतं. एका तरुण पोराच्या प्लास्टिकच्या पिशवीत मला औषधांच्या पट्ट्या दिसल्या. त्या मी अंधारातही ओळखल्या असत्या. भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, अशी औषधं रोज दिसतात. कसली आहेत ते आम्हाला काय कळणार? आम्ही सामान बघतो, ओळखपत्र बघतो." त्याचं बरोबर होतं, ते त्याचं काम नव्हे. मुलगा पलीकडे गेला. उपचाराचे किती महिने झाले, किती उरले, हातातली पट्टी संपल्यावर पुढची कोण देणार, हे त्या बंधाऱ्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा आमच्या गल्लीतले दाजू होते.

दाजू म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ. आमच्या अपार्टमेंटच्या रात्रीच्या चौकीदाराला पोरं याच नावानं हाक मारायची आणि हळूहळू मोठेही मारायला लागले. गाव अछाम जिल्ह्यातलं, नेपाळच्या अगदी पश्चिमेकडच्या डोंगरात. जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांजवळ एक खोली होती, तिथे ते राहत. आषाढात त्यांना खोकला लागला. सगळे म्हणाले, पावसाचा आहे. मला तो आवाज पावसाचा वाटला नाही. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामानं बनियन ओलं, पँट कमरेला दोरीनं बांधलेली. बेडका तपासला आणि जे वाटलं होतं तेच निघालं. नशिबानं साधा क्षय होता, रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे गोळ्या.

सोसायटीची बैठक झाली. दाजूंना काढून टाका, असं दोघातिघांनी स्पष्ट म्हटलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. आणि हाकलून दिलं तर हाच माणूस औषध अर्धवट सोडून दुसऱ्या कुठल्या जिन्याखाली जाऊन खोकत बसेल. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्याच दिवसापासून दोन अंडी आणि पेलाभर दूध खाली पाठवायला सुरुवात केली. शाकाहारी घर, पण अंडी उकडायला त्यांनी वेगळं भांडं आणलं. लघवी नारिंगी झाली तेव्हा दाजू घाबरून माझ्या दारात आले होते. रिफॅम्पिसिननं तसं होतंच, हे मी आधी सांगितलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर माणूस घाबरतोच.

सप्टेंबरपर्यंत वजन वाढलं, खोकला गेला, चेहऱ्यावर तेज आलं. आमच्या कामात खरी परीक्षा इथून सुरू होते. आजारी असतो तोवर रुग्ण औषध घेतो, बरं वाटायला लागलं की त्याला आयुष्य हाका मारतं. दाजू म्हणाले, "मॅडम, दसैं में तो जाना ही पड़ेगा. बाबूजी बूढ़े हो गए." थांबा म्हणायचा मला काय अधिकार? वडील म्हातारे, वर्षाचा सण. थांबवलं असतं तर ते न सांगता गेले असते, आणि ते जास्त वाईट.

रुग्ण नागपूरहून बालाघाटला गेला किंवा बिहारमध्ये त्याच्या गावी गेला, तर निक्षय पोर्टलवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, त्याची नोंद तिकडच्या जिल्ह्याकडे पाठवता येते. सोपं नसतं, फोन करावे लागतात, तिकडचा कर्मचारी रजेवर असतो, पण वाट आहे. पोर्टलवर राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा. अछाम त्या यादीत कुठून असणार? म्हणून मी हातानं पत्र लिहिलं, एक हिंदीत, एक इंग्रजीत. तपासणीचा निकाल, उपचार सुरू झाल्याची तारीख, वजन, गोळ्यांची संख्या, संपलेले महिने, उरलेले महिने. महिन्याभराची औषधं बरोबर दिली. प्लास्टिकच्या पाकिटात कागद घालून ते त्यांच्या आतल्या खिशात ठेवायला लावले. नागपूर ते दिल्ली रेल्वे, दिल्लीहून बनबसापर्यंत बस, बंधारा पायी, पलीकडे महेंद्रनगर, तिथून डोंगरातली बस आणि शेवटी चढण.

मग भाच्याला फोन केला. त्यानं ओळखीतून महेंद्रनगरच्या सरकारी इस्पितळात क्षयरोगाचं काम बघणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळवला. तो माणूस मला कधी भेटलेला नाही, पण त्याचं ऋण मी विसरणार नाही. त्यानं अछामच्या आरोग्य कार्यालयाला कळवलं, त्यांनी स्वास्थ्य चौकीला, आणि चौकीनं त्या वस्तीतल्या सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविकेला. नेपाळात या स्वयंसेविकांची व्यवस्था १९८८ पासून आहे, आपल्याकडच्या आशाताईंच्या कितीतरी आधी. डोंगरातल्या घराघरांत त्या चालत जातात. दाजूंच्या घरी त्यांच्यापैकी एक बाई पोचली आणि आतल्या खिशातला कागद बघून त्यांना चौकीवर घेऊन गेली. औषधं जवळपास तीच, फुकट. दोन्ही देशांचे उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर आधारलेले आहेत, त्यामुळे डॉक्टरी बाजूनं काहीच अडलं नाही.

अडलं ते नोंदीत. तिकडे दाजूंना नवं कार्ड मिळालं, नवा क्रमांक मिळाला. इकडच्या नोंदीत त्यांच्यापुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’ असा शेरा लागला, म्हणजे उपचार सोडून बेपत्ता झालेला रुग्ण. उपचार पूर्ण झाल्यावर त्यांनी कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. शेवटच्या रकान्यात तिकडच्या कर्मचाऱ्याची सही आहे. मी तो फोटो घेऊन वरच्या एका कार्यालयात गेले, शेरा बदला म्हटलं. परदेशातला कागद धरता येत नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे बरा झालेला एक माणूस आमच्या हिशेबात बेपत्ता, आणि अर्धे उपचार आधीच झालेला तोच माणूस तिकडच्या हिशेबात नवा. अशी किती माणसं दर दसैंला, दर छठला, दर पेरणीला ये-जा करत असतील? त्या आकड्यांवर आपण दोन्हीकडे योजना आखतो, औषधं मागवतो.

मला या लेखात खरं म्हणजे एवढंच सांगायचं आहे. सीमेवरच्या आरोग्याबद्दल बोलताना बहुतेक लोक रोगाला अडवायचं बोलतात. तपासणी नाका, तापमान मोजणारं यंत्र, शिक्का. अडवल्यानं काय होतं ते मार्च २०२० मध्ये दिसलं. दोन्ही देशांनी सीमा बंद केली आणि धारचुल्याजवळ काही नेपाळी मजुरांनी घरी जाण्यासाठी महाकालीत उड्या टाकल्या. (नदी तीच, आपल्याकडची शारदा.) ज्याला घरी जायचं आहे तो जातो. त्याच्याबरोबर त्याचा कागद पोचावा आणि पलीकडे तो कागद वाचणारा कुणी असावा, याची व्यवस्था करणं आपल्या हातात आहे, आणि तीच होत नाही.

होऊ शकते याला पुरावा आहे. काळा आजार घ्या, लांबत जाणाऱ्या तापाचा रोग. बिहार, नेपाळची तराई (डोंगरापायथ्याचा सपाट भाग) आणि बांगलादेश मिळून या रोगाचा एक सलग पट्टा. रोग पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. (ही माशी आम्हा विदर्भातल्या लोकांना परकी नाही. १९६५ साली आपल्याच भागातल्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि त्या गावाचं नाव मिळालेला विषाणूही वाळूमाशीच पसरवते. २०२४ मध्ये गुजरातेत मुलं दगावली तेव्हा ते नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं.) सीमेच्या अलीकडच्या घरांत फवारणी झाली आणि पलीकडच्या घरांत नाही, तर काय उपयोग? हे ओळखून भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी २००५ मध्ये करार केला, २०१४ मध्ये भूतान आणि थायलंडही त्यात आले. दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे ध्येय सगळ्यांनी एकच धरलं. भारतात ते तालुक्यासारख्या प्रखंडाच्या पातळीवर मोजायचं, बांगलादेशात उपजिल्ह्याच्या, नेपाळात जिल्ह्याच्या. बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणारी तीच झटपट तपासणी, शिरेतून एकदाच द्यायचं तेच औषध. ठरवलेली मुदत अनेकदा हुकली, पुढे ढकलली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये बांगलादेश हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणारा जगातला पहिला देश ठरला. आता चिकाटीचं काम उरलं आहे. काळा आजार बरा झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी, काहींच्या कातडीवर डाग उठतात. माणसाला त्रास काहीच नसतो, तो कामाला जातो, पण त्या डागांतून माशी पुन्हा जंतू उचलू शकते. असा माणूस सीमेच्या दोन्ही अंगांना राबत असेल तर त्याला वर्षानुवर्षं लक्षात कोण ठेवणार? पुन्हा नोंदीचाच प्रश्न.

पोलिओचंही तसंच. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. नेपाळचा शेवटचा त्याच्या आदल्या वर्षीचा. पाकिस्तान सीमेवरच्या अटारीला, मुनाबावला, नेपाळच्या नाक्यांवर येणाऱ्याजाणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांना थेंब पाजण्यासाठी माणसं बसवली होती, धावत्या गाड्यांमध्येही पथकं फिरत होती. मूल कुठल्या देशाचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. करंगळीवर शाई आहे का, एवढंच बघायचं.

आणि आजार फक्त तिकडून इकडे येतो असं समजणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अछाम, डोटी या भागात एचआयव्ही पोचला तो मोठ्या प्रमाणावर मुंबईसारख्या शहरांत मजुरीला आलेल्या पुरुषांबरोबर. म्हणजे आपल्या शहरांनी तो तिकडे पाठवला. दुसरी गोष्ट बरी आहे. नेपाळात लहान नावाच्या गावी एक मोठं नेत्र रुग्णालय आहे, बिराटनगरलाही आहे. बिहारमधून हजारो माणसं मोतीबिंदू काढायला तिकडे जातात, कारण ते जवळ आहे, स्वस्त आहे आणि हात चांगला आहे. म्हातारी आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून भारतात परत येते. उलट साप चावला तर तराईतल्या माणसाला जे प्रतिविष टोचतात ते बहुधा भारतात बनलेलं असतं. देणंघेणं कधीपासूनच चालू आहे.

नागपूरपासून कुठलीही आंतरराष्ट्रीय सीमा जवळ नाही, पण ज्यांनी मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत एखादी सकाळ काढली आहे त्यांना माहीत आहे की हे शहर चार राज्यांचा दवाखाना आहे. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद. पांढुर्णा-सौंसरची माणसं मराठी बोलतात आणि त्यांची कागदपत्रं हिंदीत असतात. आंतरराष्ट्रीय सीमेवर जे होतं त्याची छोटी आवृत्ती आम्ही रोज बघतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याच्या परासियाकडची लहान मुलं नागपुरात आणली जात होती. साधा ताप, सर्दी, खोकला, मग अचानक लघवी बंद. निरनिराळ्या गावांची मुलं एका शहरात, मूत्रपिंडांच्या डॉक्टरांसमोर आली तेव्हा हा संसर्ग नाही, विषबाधा आहे, हे स्पष्ट होत गेलं. तामिळनाडूत तयार झालेल्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ०.१ टक्क्याची मर्यादा असताना ४८.६ टक्के. वीसहून जास्त लेकरं गेली. एका राज्यात बनलेलं औषध, दुसऱ्यात लिहून दिलेलं, तिसऱ्यात त्याचे परिणाम तपासले गेले. पहिलं मूल दगावलं त्याच दिवशी ही तीन टोकं जोडणारा एखादा सरळ धागा असता तर यातली किती वाचली असती, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. २०२२ मध्ये गांबियात याच विषानं मुलं दगावली तेव्हा तर मधे समुद्र होता.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मात्र मला आशा वाटते, म्हणून त्याचं सांगते. विदर्भात हा आजार घरोघरचा. लाल कार्ड (रुग्णाचं), पिवळं कार्ड (वाहकाचं) हे शब्द इथल्या आयांना पाठ आहेत, लग्न जमवताना विचारले जातात. मेडिकलच्या डॉक्टरांनी मुलांना कमी मात्रेत हायड्रॉक्सियुरिया हे औषध देऊन त्याचा अभ्यास केला, त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात हे दाखवलं. हाच आजार नेपाळच्या तराईतल्या थारू समाजात आहे, दांग, बर्दिया या जिल्ह्यांत. तिथलं सरकार या रुग्णांना उपचारासाठी आर्थिक मदत देतं. आणि थारू सीमेच्या अलीकडेही राहतात, लखीमपूर खिरीत, बहराइचमध्ये. त्यांचा रोटीबेटी व्यवहार बंधारे, नाके बघून चालत नाही. आपण १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. गोंदियाच्या एखाद्या अनुभवी समुपदेशक बाईंनी नेपाळगंजला जाऊन आठवडाभर तिथल्या स्वयंसेविकांशी बोलावं, लग्नाआधीची तपासणी आयांच्या गळी कशी उतरवली ते सांगावं, एवढ्यानंसुद्धा किती फरक पडेल!

देशादेशांतला आरोग्याचा संवाद आजवर राजधान्यांमधून चालत आला. १८५१ मध्ये पटकीच्या (कॉलऱ्याच्या) भीतीनं पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा देशांनी एकेक डॉक्टर आणि एकेक राजदूत पाठवला, सहा महिने चर्चा झाली आणि एकमत झालं नाही. आजचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ चे, २००७ पासून लागू. गंभीर घटना ध्यानात आली की चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. मोठ्या साथींसाठी ते हवंच. पण एका चौकीदाराच्या उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या संघटनेच्या जिनेव्हातल्या मुख्यालयामार्गे जाऊ शकत नाहीत. बनबसा आणि महेंद्रनगर यांच्यात काही मैलांचं अंतर आहे. तिथल्या दोन कर्मचाऱ्यांना एकमेकांचे नंबर अधिकृतपणे माहीत असावेत, एकमेकांच्या कार्डावर सही करण्याचा हक्क असावा. अमेरिकेत सॅन डिएगोच्या स्थानिक आरोग्य खात्यानं १९९७ मध्ये मेक्सिकोला परतणाऱ्या क्षयरुग्णांसाठी ‘क्युअरटीबी’ नावाचं काम सुरू केलं. रुग्ण निघण्याआधी त्याच्याशी बोलायचं, पलीकडचा दवाखाना शोधून द्यायचा, तो पोचला का हे फोन करून बघायचं आणि उपचाराचा शेवट कळवून घ्यायचा. पुढे तिथल्या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेनं ते हाती घेतलं आणि इतर देशांपर्यंत नेलं. त्या दोन देशांत भिंत बांधण्यावरून केवढं राजकारण चालतं! आपली सीमा तर उघडी आहे, भाषा समजते, औषधं जवळपास सारखी आहेत.

हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडातून माणसं रुग्णाला खाटेवर घालून आणतात, आणि तिथे त्यांना कुणी राज्य विचारत नाही. १९७३ पासून ते काम चाललं आहे. तेव्हा हे आपल्या मातीत नाही असं मला कुणी सांगू नये.

दाजू परत आले आहेत, वजन टिकून आहे. आता मी प्रत्येक नेपाळी रुग्णाला पहिल्याच भेटीत विचारते: दसैंला जाणार का, कुठल्या नाक्यानं, तिकडची चौकी कुठली, घरातल्या कुणाचा फोन चालतो? बनबसा, गौरीफंटा, रुपईडिहा, सोनौली. कुठल्या नाक्यापलीकडे आमचं ऐकणारं कोण आहे याची वही मी आणि माझ्या दोन सहकारी मिळून तयार करतो आहोत. सोनौलीपलीकडे अजून कुणी सापडलेलं नाही. भैरहवा, बुटवल भागात आरोग्याचं काम करणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या सोसायटीचा चौकीदार, कोपऱ्यावर मोमो विकणारा पोरगा दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, तर त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला घेऊन जा. तपासणी आणि औषध फुकट आहे, निक्षयचा मदत क्रमांक १८००-११-६६६६. या वर्षीचा दसरा यायच्या आत न्या, म्हणजे तो गावी निघेल तेव्हा त्याच्या खिशात निदान एक कागद असेल.